अजिंठ्याचा रंग आणि संगणकाचा पडदा : रंगमापनाच्या दृष्टीने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अजिंठ्याची लेणी प्रशासकीय दृष्ट्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यात मोडत असली, तरी त्यांचा जवळचा रेल्वेमार्ग जळगावचा आहे. जळगावहून सुमारे साठ किलोमीटर अंतर कापले की फर्दापूर येते आणि वाघूर नदीच्या वळणावरचा तो अर्धवर्तुळाकार कडा दिसू लागतो. असे असूनही खानदेशातील महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अजिंठ्याच्या चित्रांशी होणारी पहिली ओळख, आणि पुष्कळदा शेवटचीही, पडद्यावरच होते. हा पडदा कधी संगणकाचा असतो, कधी प्रक्षेपकाचा, तर अलीकडे हातातील भ्रमणध्वनीचा. त्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगाचा पुरावा म्हणून आपण किती विश्वास धरावा, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतला आहे.

प्रश्न सुचण्यास एक किरकोळ प्रसंग कारणीभूत झाला. एका महाविद्यालयातील व्याख्यानासाठी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे छायाचित्र मी घरच्या संगणकावर निवडले होते. विभागातील संगणकावर तेच चित्र उघडले असता देहाचा वर्ण निळसर, जणू आजारी दिसला. सभागृहातील प्रक्षेपकावर तो हिरवट झाला. व्याख्यानाचा विषय गुप्त–वाकाटककालीन चित्रकलेतील वर्णयोजना हाच होता! एका विद्यार्थिनीने 'सर, खरा रंग कोणता?' असे विचारले, तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. तिन्ही पडद्यांपैकी एकाचेही मापन कधी कोणी केलेले नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाने याकडे तंत्रज्ञाचा विषय म्हणून पाहू नये, असे मला वाटते. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना अस्सल कागद आणि नक्कल यांतील भेदावर जो कटाक्ष ठेवला, तो आपण लिखित साधनांच्या बाबतीत अंगी बाणवला आहे. राजवाड्यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. पत्राच्या नकलेत एक अक्षर बदलले तर आपण हरकत घेतो. चित्राच्या नकलेत मात्र सबंध रंग बदलला तरी तो आपल्या ध्यानात येत नाही.

प्रतींचा इतिहास

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घेण्याचा आग्रह रॉयल एशियाटिक सोसायटीमार्फत ईस्ट इंडिया कंपनीकडे धरला. त्यानुसार १८४४ मध्ये मद्रास सेनेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिल आणि पारो यांची कथा खानदेश–मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. कविता झाली, चित्रपटही झाला. परंतु त्या कथेच्या ओघात गिलचे मूळ काम बाजूला पडते. ते काम होते रंग उतरवून घेण्याचे. १८६३ पर्यंत त्याने मोठ्या आकाराच्या सत्तावीस तैलप्रती तयार केल्या. त्या लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि मोजक्या चार-पाच वगळता सर्व प्रती जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

पुढील प्रयत्न मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचा. जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात सुमारे तीनशे प्रती केल्या. दैवदुर्विलास असा की, त्यांतील शंभराहून अधिक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस प्रभृती कलकत्त्याच्या तरुण चित्रकारांच्या साहाय्याने प्रती केल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्या प्रती १९२३ च्या भूकंपात गेल्या.

आगी आणि भूकंप यांचे दुःख मोठे खरे. परंतु जी प्रत वाचली तिच्यातील रंग तरी कितपत ग्राह्य धरावा? अजिंठ्याचे चित्र मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या बंधकाने रंगविलेले आहे. त्याला चकाकी नाही. गिल व ग्रिफिथ्स यांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगात आहेत. तेलाने रंग गडद होतो, पृष्ठभाग चमकतो आणि कालांतराने तेल स्वतःच पिवळे पडते. शिवाय चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात मूळ भिंतींवरच रोगण चढविले गेले. त्यात निझामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ दरम्यान लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी केलेल्या संरक्षणकार्यातील लाखेच्या लेपाची भर पडली. चित्रे गळून पडण्यापासून वाचली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. पण लेप पिवळट-तपकिरी होत गेला आणि निळा हिरवट, पांढरा पिवळा दिसू लागला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुढील दशकांत रासायनिक पद्धतीने हे थर काढण्याचे काम केले. म्हणजे १८८०, १९३०, १९६० आणि २००० या चार वर्षी एकाच भिंतीचे चार प्रामाणिक प्रतिलेख घेतले असते, तरी ते एकमेकांशी जुळले नसते. त्यांपैकी भिंत किती बदलली आणि लेखक किती चुकला, हे वेगळे करण्यास लागणारे मोजमाप मात्र कोणाहीजवळ नव्हते.

छायाचित्रणाने हा प्रश्न सुटेल असे वाटणे स्वाभाविक होते. गिलने स्वतः लेण्यांची छायाचित्रे घेतली आणि १८६४ मध्ये ती प्रसिद्धही झाली. परंतु त्या काळच्या ओल्या कोलोडियन काचेला प्रामुख्याने निळा प्रकाशच कळत असे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. गेरूने भरलेल्या अजिंठ्यासाठी यापेक्षा प्रतिकूल साधन शोधून सापडले नसते. तांबडे ते काळे आणि निळे ते फिकट, असा उलटा हिशेब! गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झालेले खंड ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवर आधारलेले असून त्यांतील रंगीत पृष्ठे आजही आदराने पाहिली जातात. १९५४ मध्ये युनेस्कोने पंडित नेहरूंच्या प्रास्ताविकासह अजिंठ्याचा चित्रसंच काढला. १९९०च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी अंधाऱ्या लेण्यांत मंद प्रकाशात छायाचित्रे घेऊन अनेक तपशील प्रथमच उजेडात आणले. तथापि छापील पृष्ठाचा रंग शाई, कागद व मुद्रक यांच्या मर्जीवर अवलंबून असतो. याझदानींचा खंड आणि युनेस्कोचा संच शेजारी ठेवून पाहणाऱ्यास याची प्रचीती येते.

डोळ्याऐवजी अंक

गिल अजिंठ्यात काम करीत असतानाच, १७ मे १८६१ रोजी, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तांबडा, हिरवा व निळा अशा तीन गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रे एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखविली. आजच्या प्रत्येक पडद्याचे मूळ त्या प्रयोगात आहे. तीन प्रकाशांच्या मिश्रणाने कोणताही रंग जुळविता येतो, तर मग त्या तीन मात्रा म्हणजेच रंगाचा पत्ता, ही कल्पना त्यातून रुजली. तिला प्रमाणरूप येण्यास सत्तर वर्षे लागली. इंग्लंडमध्ये राइट यांनी दहा आणि गिल्ड यांनी सात निरीक्षकांकडून रंग जुळवून घेतले. या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये 'प्रमाण निरीक्षक' ठरविला. जगातील यच्चयावत रंगमापन आजही मुख्यतः या न अस्तित्वात असलेल्या, सरासरीने घडविलेल्या माणसाच्या दृष्टीने चालते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

१९७६ मध्ये त्याच आयोगाने उजळपणा, तांबडा-हिरवा आणि पिवळा-निळा अशा तीन अक्षांचे रंगावकाश मान्य केले. त्यात दोन रंगांमधील अंतराला डेल्टा ई म्हणतात. या मोजणीने साधारण दोन-सव्वादोन एककांच्या आतील फरक सामान्य डोळ्याला जेमतेम जाणवतो. 'प्रत मुळाबरहुकूम आहे' हे विधान प्रथमच तपासण्याजोगे झाले ते या अंतरामुळे.

खानदेशी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. जळगावच्या सराफ्यात सोन्याचा कस लावताना नुसत्या नजरेवर कोणी भिस्त ठेवीत नसे. काळ्या कसोटीवर दागिन्याची रेघ ओढायची आणि तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून दोहोंचा रंग ताडून पाहायचा. डोळा तोच, पण त्याला टेकायला ज्ञात नमुना दिलेला. कापसाचेही तसेच. व्यापारी हातात रुई घेऊन सावलीच्या उजेडात तिचा पांढरेपणा पारखीत असे. आता यंत्र तिचे परावर्तन आणि पिवळेपणा असे दोन अंक देते. या यंत्रामागे अमेरिकेच्या कृषी खात्यातील डोरोथी निकरसन यांचे काम आहे, आणि त्या रंगशास्त्रातील मान्यवर अभ्यासक होत्या. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेची परंपरा १९२४ पर्यंत मागे जाते. कापसाचा रंग मोजण्याची निकड आपल्याला पटली, कारण त्यावर भाव ठरतो. चित्राच्या रंगावर कोणाचाच भाव ठरत नसल्याने तेथे निकड भासली नसावी, असे म्हटले तर ते कटू वाटेल.

पडद्याचे मापन

भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ मध्ये आले. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धा पुष्कळांना आठवत असतील. तेव्हा संचावर रंगाचे एक बटण असे आणि घरोघरी ते शेवटपर्यंत पिळलेले असे. चेहरे शेंदरी दिसले तरी पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळे. संगणकाचा पडदा त्याच वंशातला. ऋणकिरण नलिकेचा गुणधर्म असा की, तिला दिलेल्या विद्युत्-संकेताच्या प्रमाणात प्रकाश वाढत नाही, घातांकाने वाढतो. या घातांकास गॅमा म्हणतात. शून्य ते २५५ या मोजपट्टीवर मधला १२८ हा अंक दिला असता गॅमा २.२ असलेला पडदा कमाल प्रकाशाच्या सुमारे २२ टक्के प्रकाश देतो, तर गॅमा १.८ असलेला सुमारे २९ टक्के. ॲपल संगणकांनी २००९ पर्यंत १.८ हाच संकेत पाळला होता. म्हणजे एकच प्रतिमा दोन कार्यालयांत उजळ आणि काळसर दिसत होती, आणि दोन्ही संगणक आपापल्या परीने बरोबर होते.

१९९३ मध्ये काही उत्पादकांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंग संघटना स्थापिली आणि प्रत्येक उपकरणाचे रंगवर्तन सांगणारी संचिका, म्हणजे प्रोफाइल, ठरविली. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सुचविलेले एसआरजीबी हे रंगावकाश १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात पांढऱ्याचा संदर्भ डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा दिनप्रकाश, आणि पांढऱ्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर ८० कँडेला धरली आहे. प्रत्यक्षात बाजारातून येणारे अनेक पडदे ९३०० केल्विनवर लावलेले असत. निळसर पांढरा अधिक 'स्वच्छ' दिसतो म्हणून. आपला डोळा पाच मिनिटांत त्या निळसरपणाला सरावतो आणि तक्रार करीत नाही. पद्मपाणीचा वर्ण निळसर होण्याचे कारण बहुधा हेच होते.

अंशशोधन, ज्याला तंत्रज्ञ कॅलिब्रेशन म्हणतात, त्याची कृती सोपी आहे. पडदा अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्यावा. रंगमापक नावाचे हाताच्या तळव्याएवढे उपकरण त्याच्या काचेला टेकवून ठेवावे. आज्ञावली एकामागून एक ज्ञात अंकांचे रंगीत चौकोन दाखविते, मापक त्यांचा प्रत्यक्ष प्रकाश मोजतो. प्रथम पांढऱ्याचे वर्ण व तेज आणि गॅमा ठरविलेल्या मूल्यांवर आणले जातात. हे झाले अंशशोधन. त्यानंतर उरलेल्या विचलनाची नोंद प्रोफाइलमध्ये होते, आणि ती वाचणारी आज्ञावली त्यानुसार अंक बदलून पाठविते. शेवटी पुन्हा काही रंग दाखवून डेल्टा ई काढावा लागतो. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. वस्तुतः तीच प्रमाणपत्रासारखी जपून ठेवावयाची असते. आणखी एक अडचण अशी की, मापकातील गाळण्या जुन्या होतात. नलिकेसाठी बनविलेला मापक एलईडीच्या प्रकाशाला फसतो. मापकाचेही मापन लागते. सराफाच्या कसोटीच्या सुयांचाही कस आधी कोणीतरी लावलेला असतोच.

अजिंठ्याचे रंग आणि पडद्याची मर्यादा

पडद्याला सर्व रंग दाखविता येत नाहीत, म्हणून तो अविश्वसनीय, असा आक्षेप कलेच्या प्राध्यापकांकडून ऐकू येतो. अजिंठ्यापुरता तो फारसा लागू पडत नाही, असे माझे मत आहे. येथील रंगद्रव्ये मुख्यतः तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना वा तत्सम पांढरे आणि काजळी ही आहेत. निळ्यासाठी अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द वापरला आहे. मातीचे हे रंग मुळात शांत, अल्पसंतृप्त आहेत आणि साध्या एसआरजीबी पडद्याच्या कक्षेत बव्हंशी सहज बसतात. उलट धोका अधिक रंगक्षमतेच्या नव्या पडद्यांकडून आहे. प्रोफाइल न वाचता अशा पडद्यावर चित्र दाखविले, तर गेरूचा शेंदूर होतो. भ्रमणध्वनीवरील 'व्हिव्हिड' नावाची सोय हेच करते. समाजमाध्यमांत फिरणारा झगझगीत अजिंठा कित्येकदा असा जन्मतो, आणि मग प्रत्यक्ष लेण्यात गेलेला विद्यार्थी निराश होऊन 'रंग उडाले' म्हणतो. रंग उडाले असतीलही. परंतु तो ज्याच्याशी तुलना करीत आहे, ते कधी भिंतीवर नव्हतेच.

दुसरी अडचण खोलीची. भिंत प्रकाश परावर्तित करते, पडदा प्रकाश फेकतो. एप्रिलमधील खानदेशी उन्हात, उघड्या खिडक्यांच्या वर्गात प्रक्षेपकाच्या पडद्यावर काळा रंग उरतच नाही. सतराव्या लेण्यातील काळोख्या पार्श्वभूमीवरील श्यामवर्णी आकृती तेथे करड्या धुक्यात विरतात. कितीही अंशशोधन केले तरी खिडकी बंद केल्यावाचून याला उपाय नाही.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मापन केलेला पडदा कॅमेऱ्याने काय पाहिले एवढेच सांगतो. कॅमेऱ्याने काय पाहिले ते ठाऊक होण्यासाठी छायाचित्राच्या चौकटीत ज्ञात रंगांचे पत्रक असावे लागते. १९७६ पासून प्रचारात असलेले चोवीस चौकोनांचे मॅकबेथ पत्रक यासाठीच आहे. त्याच्या शेवटच्या ओळीतील सहा करडे चौकोन पाहिले की दिव्याचा पिवळेपणा लगेच उघडा पडतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'वासारी' प्रकल्पात यापुढे जाऊन अनेक गाळण्यांतून चित्रांचे रंग अंकांत नोंदविले, ते पुढील काळात चित्राचा रंग किती बदलला हे वजाबाकीने काढता यावे म्हणून. अजिंठ्याला अशा वजाबाकीची जेवढी गरज आहे तेवढी क्वचितच अन्य कोणत्या स्थळाला असेल. अलीकडे पडद्यावर झिजलेले भाग भरून काढून 'मूळ' चित्र उभे करण्याचे उद्योग होतात. त्यांत परिश्रम आहेत, हेही खरे. हेरिंगहॅम यांच्या प्रतींतही खंडित भाग पूर्ण करण्याची प्रवृत्ती होती. फरक इतकाच की, कुंचल्याने भरलेला भाग तज्ज्ञाला ओळखता येतो, अंकांनी भरलेला ओळखता येत नाही. म्हणून अशा प्रतिमेबरोबर कोणत्या पडद्यावर, कोणत्या पांढऱ्याला धरून काम झाले आणि न बदललेली मूळ संचिका कोठे आहे, हे सांगितलेच पाहिजे. पाचव्या शतकातील चित्रकाराने नेमका कोणता वर्ण कालवला होता, ते यातूनही कळणार नाही. आजचा वर्ण मात्र निश्चित नोंदविता येईल.

धुळ्यातील पोथ्या

हा प्रश्न केवळ चित्रांचा नाही. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथील हस्तलिखितांसारखे संग्रह यापुढे अभ्यासकांना अधिकाधिक पडद्यावरच भेटतील. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती खोडण्याची रीत होती. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. जुनाट कागदाचा पिवळेपणा आणि हरताळाचा पिवळेपणा यांत फरक आहे, पण तो थोडा आहे. निळसर किंवा अतिउजळ पडद्यावर दोन्ही पिवळे एकच होऊन जातात. मग लेखकाने कोणते अक्षर रद्द केले होते, हिंगुळाने लिहिलेले कोणते आणि नंतर दुसऱ्या शाईने घुसडलेले कोणते, हे पाठचिकित्सकाला दिसत नाही. पाठभेद ठरविताना त्यावर सारे अवलंबून असते.

उपाय खर्चिक नाहीत. एक रंगमापक चार-पाच महाविद्यालयांना मिळून पुरेल, कारण एका पडद्याचे काम महिन्यातून एकदाच, आणि तेही तासाभराचे असते. रंगपत्रक एकदा घेतले की अंधारात, पाकिटात ठेवावे. ते उन्हात राहिले की त्याचेच रंग उतरतात. आमच्या विभागातील संगणकाशेजारी आता एक साधी वही लटकविली आहे. तीत तारीख, पांढऱ्याचे तापमान, तेजस्विता, गॅमा आणि सरासरी डेल्टा ई असे पाच रकाने आहेत. पहिल्या दिवशी पडद्याचे पांढरे ८९०० केल्विन निघाले होते. ती नोंद तशीच ठेवली आहे, कारण त्यापूर्वीच्या सर्व वर्षांत आम्ही विद्यार्थ्यांना पद्मपाणी त्याच उजेडात दाखविला होता.